आयव्हीएफच्या काळातला योगाभ्यास: एक प्रकरण अभ्यास

प्रकरणातील स्त्री 34 वर्षांची, पती 36 वर्षांचे. मूल व्हावे म्हणून साडेतीन वर्षे प्रयत्न चालू. पाळी नियमित, दर महिन्याला बीज तयार होते, गर्भनलिका मोकळ्या, वीर्यतपासणी चांगली. फाइलवर निदान ‘अकारण वंध्यत्व’. तीन आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) झाले, तिन्ही वाया गेले. दहा आठवड्यांनी पहिले आयव्हीएफ (स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणे आणि तो गर्भाशयात ठेवणे) सुरू करायचे ठरले आणि त्याआधी ‘शरीर तयार करायचे’ म्हणून त्या योगवर्गात आल्या. (हे कुणा एकीचे खासगी प्रकरण नाही. उपचारांच्या काळात योगवर्गात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका जोडप्याभोवती गुंफल्या आहेत आणि प्रकरणातले गुणांक नमुन्यादाखल आहेत.)

येण्याआधीच त्यांचा अभ्यास जोरात होता. पहाटे पाचला उठून व्हिडिओ लावायचा: बारा सूर्यनमस्कार, दहा मिनिटे कपालभाती, मग हलासन, सर्वांगासन, शेवटी ‘गर्भधारणेचे ध्यान’. कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलेला, झालेल्या दिवसावर बरोबरची खूण, चुकलेल्या दिवसावर फुली. तिसरे आययूआय फसले तेव्हा त्यांनी आधी तक्ता पाहिला आणि त्या महिन्यातल्या चार फुल्या मोजल्या.

सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. योग त्यांच्यासाठी आणखी एक उपचार झाला होता, आणि तोही असा की ज्यात नापास झाल्याचा दोष थेट स्वतःकडे येतो. इंजेक्शनने काम केले नाही तर औषधाला बोल लावता येतो. आसनाने ‘काम केले नाही’ तर बोल कुणाला लावायचा?

पुराव्याचे काय

पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगावे लागते, म्हणून इथेही आधीच सांगतो. योगामुळे ताण, चिंता आणि झोप यांत फरक पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. योगामुळे गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. या विषयावरचे अभ्यास बहुतेक लहान आणि थोड्या काळाचे आहेत. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 14 अभ्यासांतल्या 3,583 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि त्या फेरीत गर्भ राहणे न राहणे, यांचा संबंध त्यांना आढळला नाही. ‘ताण घेऊ नकोस, आपोआप राहील’ हे वाक्य या बाईंनी किती जणांकडून ऐकले असेल देव जाणे. त्यांना हा निष्कर्ष सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे मी रडले म्हणून गेलं नाही ना?” नाही. रडल्याने जात नाही.

मग योग कशासाठी? त्या भेटीत तीन गोष्टी कागदावर लिहिल्या. रात्री आडवे झाल्यावर अर्ध्या तासात झोप लागावी. सोनोग्राफी आणि निकालाच्या फोनचे दिवस निभावता यावेत. आणि दिवसातली चाळीस मिनिटे अशी असावीत की ज्यांत शरीराकडे कुणीच काही मागत नाही. गर्भधारणा या यादीत मुद्दाम नव्हती. तक्ताही त्याच दिवशी काढायला सांगितला.

सुरुवातीची तपासणी

आसन शिकवण्याआधी विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: चालू औषधे, रक्तदाब, थायरॉइड, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), आधीचा गर्भपात किंवा नलिकेतला गर्भ, रक्त गोठण्याचा त्रास, मान-कंबरेची दुखणी. या बाईंना थायरॉइडची गोळी चालू होती, बाकी काही नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना योगाभ्यासाची यादी दाखवून होकार घेतला.

मनाची मोजणी दोन प्रश्नावल्यांनी केली. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-9 मध्ये 27 पैकी 13, चिंतेसाठीच्या जीएडी-7 मध्ये 21 पैकी 12. दोन्हींपैकी कोणत्याही एकीत 10 किंवा जास्त गुण आले की तज्ज्ञाकडे पाठवायचे, असा साधा नियम आहे. म्हणून योगवर्ग सुरू करतानाच समुपदेशकाची वेळ घ्यायला सांगितली. पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्यापेक्षा काहीही आले तर बाकीची बेरीज बघत बसायचे नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. या बाईंच्या उत्तरात तिथे शून्य होते.

शरीराकडे पाहता, बसल्या बसल्या श्वास मिनिटाला 19, सगळा छातीच्या वरच्या भागात. पोट सतत आत ओढलेले. दातांवर दात. झोप लागायला सव्वा तास, आणि पहाटे पाचचा गजर. त्यामुळे पहिला बदल आसनात नव्हता, गजरात होता: अभ्यास संध्याकाळी, सकाळी झोप.

मूळ क्रम

पहिल्या आठ आठवड्यांत आठवड्यातून पाच दिवस सुमारे चाळीस मिनिटे, उरलेल्या दोन दिवशी वाटले तर बारा मिनिटांचा छोटा क्रम.

सुरुवात पाठीवर झोपून, गुडघे वाकवलेले, पावले जमिनीवर, गुडघे एकमेकांना टेकलेले. पाच मिनिटे नुसता श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. एकोणीसवरून थेट सहावर आणले की जीव घाबरतो, म्हणून पहिला आठवडा तीन आत, चार बाहेर एवढेच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘पोटाने श्वास’ म्हटल्यावर पोट जोर लावून फुगवणे. हवा जास्त घेतली जाते, हाताच्या बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि बाईंना वाटते आपल्याला हेही जमत नाही. उपाय सोपा: श्वास लांब करायचा, मोठा नाही.

मग मार्जारासनाची (हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली करणे) सहा ते आठ आवर्तने, श्वासाच्या चालीने. त्यानंतर बालासन, लोड छातीखाली उभा, गुडघे लोडाच्या दोन्ही बाजूंना, गाल एका कुशीवर. दीड मिनिटाने मान दुसरीकडे.

सुप्त बद्धकोनासन या क्रमातले मुख्य आसन, आणि सगळ्यात जास्त चुकीचे केले जाणारेही तेच. लोड पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवायचा. बसताना कंबर आणि लोडाचे टोक यांत चार बोटांची जागा सोडायची. अगदी चिकटून बसले की आडवे झाल्यावर कंबरेत चिमटा बसतो. डोक्याखाली घडी केलेले ब्लँकेट, हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली. पायांचे तळवे एकमेकांना टेकलेले, आणि दोन्ही मांड्यांखाली जाड घडी. ही मांड्यांखालची घडी लोक गाळतात, कारण फोटोत गुडघे जमिनीला टेकलेले छान दिसतात. आधार नसला की जांघेचे स्नायू पूर्ण आठ मिनिटे ताण धरून राहतात, आणि ज्या भागाला सैल सोडायला आसन केले तोच आवळला जातो. या बाईंच्या बाबतीत घडी इतकी उंच लागली की गुडघे जवळजवळ बरगड्यांच्या पातळीला आले. दिसायला काहीच नाही, पण तिसऱ्या मिनिटाला पोट पहिल्यांदा खाली बसले.

पुढे विपरीत करणी सात मिनिटे: भिंतीपासून नितंब एक वीतभर लांब, कंबरेखाली घडी, पाय भिंतीला सैल. पाळीच्या दिवसांत याऐवजी पोटऱ्या खुर्चीवर. इथे एक गैरसमज दर वेळी दूर करावा लागतो. पाय वर केल्याने वीर्य किंवा भ्रूण ‘आत टिकून राहतो’ असे काही नाही. हे आसन थकलेल्या पायांसाठी आणि शांत पडून राहण्यासाठी आहे.

शेवटी सहा-आठ वेळा भ्रामरी (भुंग्यासारखे गुंजन करत उच्छ्वास), कान बंद न करताही चालते, आणि दहा मिनिटे योगनिद्रा (पडून सूचनांप्रमाणे शरीरावरून लक्ष फिरवणे).

योगनिद्रेत अडले ते

दुसऱ्या आठवड्यात योगनिद्रेत त्या उठून बसल्या आणि खोलीबाहेर गेल्या. शरीरावरून लक्ष फिरवताना ‘ओटीपोट, गर्भाशय’ हे शब्द आले होते. घरच्या व्हिडिओत तर याच जागी ‘गर्भाशयात सोनेरी प्रकाश भरतो आहे, बाळाला बोलवा’ असे असे आणि त्या रोज बोलवत. ज्या अवयवाची साडेतीन वर्षे तपासणी, मोजणी आणि निराशाच झाली, त्याच्याकडे डोळे मिटून प्रेमाने बघा म्हणणे हे सोपे काम नाही. आमच्या मते वंध्यत्वाच्या काळात बाळाच्या प्रतिमा असलेली ध्याने वापरूच नयेत. ती ऐकायला गोड असतात आणि निकालाच्या दिवशी फार महाग पडतात.

बदल असे केले. लक्ष पावलांपासून मांड्यांपर्यंत, तिथून थेट खालच्या बरगड्यांवर, ओटीपोट वगळले. डोळे अर्धे उघडे ठेवायची मुभा. पडून नको वाटले तर भिंतीला टेकून बसायचे. संकल्प ‘मी आई होणार’ हा सोडून ‘आज रात्री मी अंग सैल सोडून झोपेन’ हा धरला, म्हणजे जो आपल्या हातात आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे उत्तर मिळते. सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतःच विचारले, “आता पोटावर थांबलं तर चालेल का?” तेव्हा थांबलो, तीन श्वास, त्याहून जास्त नाही.

पतीचा भाग

पती सुरुवातीला वर्गात येत नव्हते. त्यांची भूमिका घड्याळाची होती. “आज केलंस का?” हा रोजचा प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात दोघांना एकत्र बोलावले. प्रश्न बंद करायला सांगितला आणि त्याऐवजी संध्याकाळी दहा मिनिटे पाठीला पाठ टेकून बसायचे दिले: बोलायचे नाही, एकमेकांचा श्वास पाठीला कळतो तेवढे पुरे. त्या दहा मिनिटांत आणि नंतरच्या अर्ध्या तासात उपचारांचा विषय नाही. त्यांचीही जीएडी-7 घेतली. 9 आले, आणि तोवर त्यांना कुणी ‘तुमचं काय चाललंय’ असे विचारलेच नव्हते.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढे बाहेर पडेपर्यंतचा प्रवास वेगळा. म्हणजे आयव्हीएफच्या दिवशीचा नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वीपासून घडत असतो. म्हणून तापवलेल्या खोलीतला योग, सॉना आणि गरम पाण्यात डुंबणे पुरुषानेही त्या काळात टाळावे.

इंजेक्शने सुरू झाल्यावर

इथून क्रम बदललाच पाहिजे. अंडाशय एरवी तीन-चार सेंटिमीटरचे असते; बीजवाढीच्या इंजेक्शनांनी त्यात अनेक फॉलिकल (बीज असलेल्या द्रवाच्या पिशव्या) एकदम वाढतात आणि ते कितीतरी मोठे आणि जड होते. असे अंडाशय स्वतःच्या देठाभोवती पिळले जाऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून पहिल्या इंजेक्शनपासून वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन यांसारखे पीळ बंद. पोटावर झोपून करायचे सगळे बंद. सूर्यनमस्कार, उड्या, उलटी आसने बंद. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली बंद, कारण त्यांत पोटातला दाब झटक्याने कमीजास्त होतो. तापवलेल्या खोलीत काहीच नाही.

उरते ते पुरेसे असते. पाचव्या दिवसापासून खुर्चीवरचा अभ्यास: पावले जमिनीवर, खांदे आणि मनगटे फिरवणे, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकणे, लांब उच्छ्वास. सुप्त बद्धकोनासन चालू, पण लोडाखाली आणखी एक घडी घालून पाठ जास्त उंच. पाय वर करण्याऐवजी कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. संध्याकाळच्या इंजेक्शनआधी सहा श्वास आणि सुई टोचताना उच्छ्वास. पोटाचा स्नायू त्या क्षणी ढिला असतो आणि टोचणे कमी बोचते.

सातव्या दिवशी घोळ झाला. पोट फुगले, शौचाला होत नव्हते, आणि त्यांनी ‘पोट साफ होईल’ म्हणून जुना व्हिडिओ लावून पाच मिनिटे कपालभाती केली. उजवीकडे ओढ लागून दुखू लागले. त्यांनी लगेच कळवले, त्यांना वर्गात न बोलावता थेट रुग्णालयात पाठवले. सोनोग्राफीत पीळ नव्हता, दुखणे दोन तासांत ओसरले. कपालभाती बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते. ते का बंद आहे, हे मात्र त्यांना नीट समजावलेले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक बंद गोष्टीपुढे कारण लिहिलेला कागद दिला, आणि त्याच्या तळाशी धोक्याच्या खुणा: एका बाजूला अचानक जोराची कळ, सोबत मळमळ किंवा उलटी, एका दिवसात वजन किलोभराहून जास्त वाढणे, लघवी कमी होणे, श्वास लागणे. पहिली खूण पीळ सुचवते, बाकीच्या अंडाशय अतिउत्तेजित झाल्याच्या. यांतले काहीही दिसले तर योगशिक्षकाला नव्हे, डॉक्टरांना फोन.

ट्रिगर इंजेक्शननंतर (बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन) 34 ते 36 तासांनी बीज काढले गेले. तो दिवस आणि पुढचा दिवस फक्त विश्रांती. अंडाशय तेव्हाही मोठेच असतात, त्यामुळे ‘झालं एकदाचं’ म्हणून जुन्या क्रमाकडे वळायचे नाही.

ट्रान्सफरनंतरचे दिवस

प्रयोगशाळेत पाच दिवस वाढलेला एक भ्रूण गर्भाशयात ठेवला; यालाच ट्रान्सफर म्हणतात. घरच्यांनी अंथरुणातून उठू द्यायचे नाही असे ठरवले होते. अमेरिकेच्या प्रजननवैद्यक संस्थेची (एएसआरएम) मार्गदर्शक तत्त्वे याच्या विरुद्ध सांगतात: भ्रूण ठेवल्यानंतर पडून राहण्याचा फायदा नाही, त्याची शिफारस करू नये. तेव्हा सावकाश चालणे, रोजची हलकी कामे, आणि आधार घेतलेली आसने.

या दिवसांत शरीरावर लक्ष फिरवण्याचा अभ्यास आम्ही काढून टाकतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने स्तन दुखरे होतात, पोट जड वाटते, झोप येते. गर्भ राहिला तरी हेच, न राहिला तरी हेच. अशा वेळी ‘शरीरात काय जाणवतंय ते बघा’ म्हणणे म्हणजे बाईला दिवसभर लक्षणे शोधत बसायला लावणे. म्हणून लक्ष बाहेर नेले. डोळे उघडे ठेवून ताडासन, तळव्यांवरचा भार पुढे-मागे. दहा मिनिटे चालताना फक्त ऐकू येणारे आवाज मोजायचे. भ्रामरी चालू, कारण स्वतःच्या गुंजनाने मनातली बडबड दबते. रात्री जाग आली तर घड्याळ न बघता चार-सहाचा श्वास, वीस वेळा, मग नाही आली झोप तर उठून खुर्चीत.

घरी लवकर चाचणी करू नये, हेही आधी सांगितले होते. ट्रिगरमध्ये एचसीजी (गर्भाची चाचणी जे संप्रेरक शोधते तेच) असेल तर ते काही दिवस शरीरात राहते आणि घरची पट्टी खोटी आशा दाखवू शकते.

निकाल

बीटा एचसीजी (गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ततपासणी) नकारात्मक आले. या दिवसाचा कागद ट्रान्सफरआधीच तयार होता, त्यांच्याच अक्षरात: तीन दिवस वर्ग नाही, कुणी फोन करून ‘कशा आहात’ विचारायचे नाही, चौथ्या दिवशी एक निरोप, उत्तराची सक्ती नाही. त्यांनी सहाव्या दिवशी उत्तर दिले. रक्तस्राव थांबेपर्यंत फक्त खुर्चीवर पोटऱ्या आणि श्वास. मग बारा मिनिटांचा क्रम.

दोन आठवड्यांनी पीएचक्यू-9 15 वर गेले होते, सुरुवातीपेक्षा वर. हे योग ‘न लागल्याचे’ लक्षण नाही, दुःखाचे आहे. समुपदेशकाच्या भेटी आठवड्यातून दोन केल्या. दहा आठवड्यांनी पीएचक्यू-9 9, जीएडी-7 7, झोप लागायला साधारण अर्धा तास. योग आणि समुपदेशन बरोबरीने चालू असल्यामुळे कशाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही नाही.

याच काळात त्यांना एका मोठ्या गटाच्या वर्गात जावेसे वाटले. तिथे गरोदर स्त्रियाही होत्या आणि भिंतीवर बाळांचे फोटो. एकाच तासात परत आल्या. वंध्यत्वाच्या उपचारांत असलेल्यांना गरोदरपणाच्या वर्गात बसवू नये. वेळ वेगळी ठेवावी, आणि शक्य झाल्यास दारही वेगळे. वर्गात कुणाला गर्भ राहिला तर ती बातमी शिक्षकाने सगळ्यांसमोर जाहीर करू नये, जिची आहे तिला ठरवू द्यावे.

गोठवलेले दोन भ्रूण बाकी आहेत. पुढच्या ट्रान्सफरला बीजवाढीची इंजेक्शने नसतील, अंडाशय नेहमीच्या आकाराचे असतील, त्यामुळे मूळ क्रम बराचसा तसाच ठेवता येईल; पीळ, उड्डियान आणि जोराचे प्राणायाम मात्र बाहेरच. दोन्ही भ्रूण वापरून झाल्यावर पुन्हा बीज काढायचे की थांबायचे, हे दोघांनी समुपदेशकासमोर बसून ट्रान्सफरआधीच बोलून ठेवावे असे ठरले आहे, आणि ती भेट ज्या संध्याकाळी असेल त्या संध्याकाळी वर्ग नाही.